माईकविना मंद्र

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत इंगमार बर्गमनचा ‘द मॅजिक फ्लूट’ पाहिला. ऑपेराशी माझी ओळख तेवढीच. त्यातला सरास्त्रो हा पुरोहित गायला लागला आणि मी नकळत खुर्चीत सावरून बसलो. पुरुषाचा आवाज इतका खाली उतरूनही इतका स्वच्छ राहतो, हे पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी आल्यावर तेच गाणं मोबाईलवर शोधून ऐकलं. तिथंही तो तितकाच खोल वाटला. ऑपेरातले गायक माईक वापरत नाहीत, असं वाचलं आहे. मग एवढा खालचा आवाज एवढ्या मोठ्या वाद्यवृंदातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो कसा? असा आवाज उपजत असतो की रियाजानं कमावता येतो? आणि तो नेहमी राजे, पुरोहित आणि सैतान यांच्याच वाट्याला का येतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातलं मोबाईलचं वाक्य वाचून मला फार आनंद झाला, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथंच आहे. पण आधी हा स्वर नेमका किती खाली आहे ते पाहू.

सरास्त्रोला मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये दोन मोठी गाणी आहेत. त्यातल्या पहिल्या, प्रार्थनेच्या गाण्यात तो जिथवर उतरतो तो स्वर पेटीच्या भाषेत पांढरी चार. सेकंदाला सुमारे ८७ कंपनं. आपला ख्यालगायक काळी एकचा षड्ज धरून बसला असेल, तर हा त्याचा मंद्र सप्तकातला शुद्ध गंधार झाला. आता मंद्र गंधार ही काही अगम्य जागा नव्हे. पहाटे उठून खर्ज भरणारे मेहनती गवई तिथं रोज जातात, काही जण मंद्र षड्जालाही हात लावून येतात. मोझार्टनंच त्याआधी, १७८२ साली, व्हिएन्नासाठी एका तुर्की महालात घडणारा ऑपेरा लिहिला. त्यातला महालाचा रखवालदार ऑस्मिन याहून खाली, आपल्या हिशेबानं मंद्रातल्या कोमल रिषभापर्यंत उतरतो आणि तिथं ठाण मांडून उभा राहतो.

तेव्हा नुसतं खाली जाणं हा बास, म्हणजे सर्वांत खालच्या जातीच्या, गायकाचा पराक्रम नाही. पराक्रम पुढचा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ३,८०० च्या आसपास खुर्च्या आहेत. समोरच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक वाजवत असतात. अशा ठिकाणी विजेची कसलीही मदत न घेता तो मंद्र गंधार, शब्दासकट, अगदी वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत न्यायचा असतो.

आता तुमच्या मोबाईलकडे वळू. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला सेकंदाला दोन-तीनशे कंपनांच्या खालचं फारसं काही वाजवताच येत नाही. म्हणजे सरास्त्रोचा ८७ कंपनांचा मूळ स्वर तुमच्या फोनमधून जवळजवळ बाहेरच पडला नव्हता. तरी तुम्हाला तो ऐकू आला, आणि खोल ऐकू आला. कारण कोणताही गाता स्वर एकटा येत नाही. ८७ सोबत त्याच्या दुपटीचा १७५, तिपटीचा २६२, मग ३४९, ४३६ असे वरचे उपस्वर एकाच वेळी निघत असतात. त्या सगळ्यांमधलं अंतर ८७ चं. आपला मेंदू हे अंतर ओळखतो आणि गैरहजर असलेला पाया स्वतः भरून काढतो. तुम्ही मोबाईलवर ऐकलेली खोली वरच्या स्वरांनी तुमच्या डोक्यात उभी केली होती.

तंबोऱ्यापाशी बसणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. काळी एकला मिळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला ६९ कंपनांची, म्हणजे ऑस्मिनच्याही अर्धा स्वर खाली. जवारीचा दोरा नेमक्या जागी सरकवला की त्या तारेतून कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार बोलू लागतो, आणि तंबोरा खोली भरून टाकतो. दोरा काढून टाका. तार तीच, स्वर तोच, पण आवाज बोदा. शेजारच्या खोलीत पोचायचीसुद्धा मारामार. उत्तम बास गायक आणि नुसता जाड आवाजाचा माणूस यांच्यात नेमका हाच फरक आहे. आपण ज्याला भारदस्त, खोल, खर्जाचा म्हणून दाद देतो, त्यातली दाद देण्याजोगी गोष्ट त्या खर्जावर तळपणारी धार असते. ती धार नसली तर सर्वांत खालचा स्वर लावणारा गायकही तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही.

ही धार कुठून येते, यावर स्वीडनमधल्या स्टॉकहोमचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंदबेर्ग यांनी आयुष्यभर काम केलं. वाद्यवृंदाचा आवाज मोजला तर त्याचा सगळ्यात जास्त जोर सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास असतो आणि वर जावं तसा तो उतरत जातो. अडीच-तीन हजारांच्या पट्ट्यात वाद्यवृंद बराच दुबळा असतो. आणि आपला कान नेमका त्याच भागात फार तल्लख असतो. तालमीत तयार झालेल्या पुरुष गायकाच्या आवाजात तिथंच एक मोठा उंचवटा दिसतो. बास गायकात तो साधारण २,४०० कंपनांच्या आसपास, टेनर या चढ्या पुरुषी आवाजात थोडा आणखी वर. म्हणजे बास गायक वाद्यवृंदाशी त्याच्या बळाच्या जागी कुस्ती खेळतच नाही. दार मोकळं असतं तिथून तो आत शिरतो.

हा उंचवटा गळ्यातच घडवला जातो. जांभई येते तेव्हा कंठमणी खाली सरकतो आणि घशाची पोकळी रुंदावते. गायकाला हीच ठेवण गाताना टिकवून धरायची असते, पण जीभ मोकळी ठेवून आणि शब्द न गिळता. स्वरतंतूंच्या अगदी वर एक छोटी, चिंचोळी नळी आहे. तिच्या तोंडापेक्षा वरची पोकळी सहापट किंवा त्याहून जास्त रुंद झाली, की ती नळी स्वतंत्रपणे घुमायला लागते आणि त्या पट्ट्यातल्या उपस्वरांना उचलून धरते. बास गायकाला इथं एक मोठा फायदा मिळतो. त्याचा मूळ स्वर खाली असल्यामुळे उपस्वर एकमेकांना खेटून असतात. ८७ कंपनांच्या स्वराचा सत्ताविसावा-अठ्ठाविसावा उपस्वर थेट त्या उंचवट्यावर येऊन बसतो, आणि त्याच्या मागेपुढेही दोन-चार असतात. त्यामुळे त्याचा कोणताही स्वर तिथून सुटत नाही.

तरीही सर्वांत खालचे स्वर मोठ्यानं गाता येत नाहीत. ही शरीराची मर्यादा आहे, आणि ती थोर संगीतकार जाणून होते. सरास्त्रोच्या प्रार्थनेला मोझार्टनं कोणती वाद्यं दिली आहेत बघा. बासेट हॉर्न, बासून, ट्रॉम्बोन, व्हायोला, चेलो. व्हायोलिनं गप्प बसवली आहेत. सगळा वाद्यमेळ मऊ आणि काळसर, गायकाभोवती गोल करून उभा, पण त्याच्या वाटेत कोणी नाही. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा गायकाकडे नव्हे, वाद्यांकडे कान लावा. वरचा मजला मोकळा सोडल्यानं तळमजल्याला आलेली शांतता ऐकू येईल. आणि याच ऑपेरात त्याची वैरीण, रात्रीची राणी, आपल्या रागाच्या गाण्यात चढते तोही स्वर पांढरी चारच, फक्त चार सप्तकं वर. एकाच स्वराची दोन टोकं दोन वैऱ्यांच्या हाती देऊन मोझार्टनं सगळं नाटक त्यांच्या मधल्या जागेत मांडलं आहे. मला तरी हे सुचणं हीच प्रतिभा वाटते.

मोझार्ट हे सगळं पदरच्या गळ्याचं माप घेऊन लिहीत होता. ऑस्मिन लिहिला तो लुडविग फिशर या गायकासाठी. फिशरवर व्हिएन्नाच्या प्रेक्षकांचा भारी जीव होता. अशा माणसाचा उपयोग करून घेतलाच पाहिजे, असं मोझार्टनं सप्टेंबर १७८१ मध्ये वडिलांना कळवलं आणि ऑस्मिनचं काम वाढवलं. त्याच पत्रात त्यानं आणखी एक गंमत लिहिली आहे. साल्झबर्गच्या आर्चबिशपची फिशरबद्दल तक्रार होती, की हा बास गायकाच्या मानानं फारच खाली गातो. पुढच्या वेळी तो वर गाईल, असं आपण त्यांना आश्वासन दिलं, असं मोझार्ट सांगतो. सरास्त्रो लिहिला फ्रान्त्स झावेर गेर्ल याच्यासाठी. पहिला प्रयोग ३० सप्टेंबर १७९१ चा, त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ५ डिसेंबरला, मोझार्ट गेला. गेर्ल आणि फिशर यांचे गळे कसे होते ते आपल्याला आज ऐकता येत नाही, पण त्यांची मापं स्वरलिपीत शिल्लक आहेत आणि दोनशेहून अधिक वर्षं प्रत्येक बास गायक त्या अंगरख्यात स्वतःला बसवून पाहतो आहे.

तुम्ही पाहिलेला सरास्त्रो म्हणजे डॅनिश गायक उलरिक कोल्ड. बर्गमननं १९७५ च्या १ जानेवारीला स्वीडिश टेलिव्हिजनवर तो चित्रपट दाखवला. त्यातलं गाणं स्वीडिश भाषेत आहे आणि आधी ध्वनिमुद्रित केलेलं आहे. म्हणून तिथं सभागृहाशी झुंज नाही. सभागृहातला सरास्त्रो कसा असतो याची कल्पना यावी म्हणून कुर्ट मोल या जर्मन गायकाला ऐका. लहानपणी त्याला चेलोवादक व्हायचं होतं. तो मंद्रात उतरतो तेव्हा आपण पायऱ्या मोजत नाही. आवाज कुठेही जाड किंवा घोगरा होत नाही, पोत पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो आणि खालचा स्वर येतो तो जणू तिथं आधीपासून होताच. ऑस्मिनसाठीही त्याचंच १९७३ चं ध्वनिमुद्रण ऐकावं, कार्ल बोम यांनी संचालन केलेलं.

उपजत की कमावलेला, याचं उत्तर दोन्ही, पण निम्मं-निम्मं नाही. स्वरतंतूंची लांबी आणि जाडी आपल्या हातात नसते. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात आणि लांबीबरोबर जाडी जास्त असेल तर कंपनं सावकाश होतात. आवाज फुटतो त्या वयात टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढतं, कंठमणी पुढे येतो, आणि कोणाचं किती वाढायचं ते तिथंच ठरतं. बहुतेक पुरुषांचे आवाज मध्यम जातीचे, म्हणजे बॅरिटोन असतात. खरा बास कमी, आणि त्यातही रंगमंचाच्या लायकीचा फारच कमी. बॅरिटोनला बास बनवता येत नाही. घसा दाबून, हनुवटी छातीकडे ओढून, कृत्रिम भारदस्तपणा आणता येतो, पण तो दोन गाण्यांत थकतो आणि चार वर्षांत गळा घालवतो. गुरू तरुणाच्या आवाजाची जात ठरवताना तो किती खाली जातो हे शेवटी बघतात. आवाज कुठे सहज राहतो, कुठल्या स्वरावर सांधा बदलतो आणि मधल्या सप्तकात त्याचा रंग काय, हे आधी बघतात. ते बरोबरच आहे. सरास्त्रोचं काम सोडलं, तर ऑपेरात बास गायकाचा बहुतेक वेळ वरच जातो.

उपजत देणगी मिळाली तरी ती पिकायला वेळ लागतो. टेनर पंचविशीत चमकू लागतो, बास गायकाचा आवाज पस्तिशी-चाळिशीत भरतो. बदल्यात तो टिकतो. रशियाच्या मार्क रेझेन या बास गायकानं १९८५ साली आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरमध्ये उभं राहून चायकोव्हस्कीच्या ‘युजीन ओनेगिन’मधल्या प्रिन्स ग्रेमिनचं गाणं म्हटलं. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. बघा. नव्वद वर्षांच्या माणसाच्या आवाजाला कंप नाही, हे आश्चर्य आहेच. पण त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे तो प्रत्येक वाक्य कुठे संपवायचं हे आधी ठरवून श्वास घेतो.

आता फ्योदोर शाल्यापिन. बास गायकांची गोष्ट त्याच्याशिवाय पुरी होत नाही. १८७३ साली रशियातल्या कझानमध्ये अत्यंत गरीब घरात जन्म. चांभाराकडे उमेदवारी, कचेरीत कारकुनी, फिरत्या मंडळींत कोरसचं गाणं. तिफ्लिसमध्ये उसातोव नावाच्या गुरूनं फी न घेता शिकवलं, हीच काय ती रीतसर तालीम. १८९८ मध्ये त्यानं मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’मधला झार पहिल्यांदा उभा केला आणि १९०८ मध्ये पॅरिसला नेला, तेव्हापासून ती भूमिका आणि तो एकच झाले. गंमत अशी, की शाल्यापिनचा आवाज फार खोल नव्हताच. तो चढा, गाता बास होता. त्याच्याच देशात देवळांतून गाणारे साधे भक्त त्याच्यापेक्षा कितीतरी खाली जात. मग जग त्याच्यामागे का लागलं? तो प्रत्येक शब्दाला वेगळा रंग देई. पश्चात्तापानं पोखरलेला राजा घड्याळाच्या ठोक्यांना दचकतो त्या प्रसंगात तो गाणं जवळजवळ सोडून कुजबुजीवर येतो, श्वास लागतो, मग एका शब्दावर पूर्ण आवाज उघडतो. लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डनमध्ये ४ जुलै १९२८ ला झालेल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण आहे. खरखर आहे, वाद्यवृंद दूर वाटतो, तरी शाल्यापिनचा शब्द न् शब्द ऐकू येतो. धारेबद्दल वर जे सांगितलं त्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

देवळांतल्या त्या गायकांबद्दल थोडं सांगतो. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं चालत नाहीत. पाश्चिमात्य चर्चमधला ऑर्गन तिथं नाही, त्यामुळे पायाचा स्वरही माणसालाच धरावा लागतो. त्यातून बासच्या ओळीच्याही एक सप्तक खाली गाणारे ‘ऑक्टाव्हिस्ट’ तयार झाले. राखमानिनोव्हच्या रात्रभराच्या उपासनेत, पहिला प्रयोग मॉस्को, १९१५, पाचव्या रचनेच्या शेवटी बास एकेक पायरी उतरत ५८ कंपनांवर जाऊन थांबतात. काळी एकच्या हिशेबानं हा अतिमंद्रातला धैवत. असे आवाज आणायचे कुठून, असा प्रश्न त्यावेळच्या संचालकालाच पडला होता. ते आणले गेले. पण हे समूहाचं गाणं आहे. ऑक्टाव्हिस्ट ऑपेरात क्वचितच नाव कमावतो, कारण एकट्यानं वाद्यवृंदासमोर उभं राहण्याचं काम वेगळं आहे.

राजे, पुरोहित आणि सैतान. ही परंपरा ऑपेराइतकीच जुनी आहे. १६०७ मध्ये मान्तुआत मोन्तेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला, त्यात पाताळाच्या नदीवरचा नावाडी आणि पाताळाचा राजा, दोघेही बास. मोठ्या देहातून खोल आवाज येतो, हे माणसाला जंगलातूनच ठाऊक आहे. त्यामुळे वय, अधिकार, भय हे सगळं खालच्या स्वराशी जोडलं गेलं. पुढे अठराव्या शतकात गंभीर ऑपेराचे नायक उंच आवाजाचे असत आणि बास गायकाच्या वाट्याला बाप, सेनापती किंवा विनोदी नोकर येई. आपल्या संगीत रंगभूमीवरही नायकाचा आवाज वरच्या पट्टीत चढणारा लागे, भारदस्त खर्ज बहुधा बिनगाण्याच्या भूमिकांकडे जाई.

पण थोर संगीतकारांनी या ठरीव साच्यातून जे काढलं ते अपूर्व आहे. व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’त (व्हेनिस, १८५१) स्पाराफुचिले नावाचा भाडोत्री मारेकरी अंधाऱ्या गल्लीत रिगोलेत्तोला गाठतो. एक चेलो आणि एक डबल बास, दोन्ही दबक्या आवाजात, धून वाजवत असतात आणि हे दोघे तिच्यावर सौद्याच्या भाषेत बोलतात. जाताना मारेकरी फक्त स्वतःचं नाव सांगतो आणि सरास्त्रोचाच तो मंद्र गंधार लांबवत अंधारात निघून जातो. तोच स्वर मोझार्टकडे आशीर्वाद होता, इथं व्हिजिटिंग कार्ड आहे. वाग्नरच्या ‘गॉटरडेमरुंग’मधला हागेन (बायरॉइट, १८७६) एकटाच पहारा देत बसतो. बायरॉइटमध्ये वाद्यवृंद रंगमंचाखाली, झाकलेल्या खड्ड्यात असतो, त्यामुळे गायकावर दडपण येत नाही आणि हागेनचा द्वेष कुजबुजतही पोचतो.

या सगळ्यांचा कळस मला व्हेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मध्ये (पॅरिस, १८६७) दिसतो. स्पेनचा राजा फिलिप पहाटेपर्यंत जागा आहे. बायकोनं आपल्यावर कधी प्रेम केलं नाही, हे तो चेलोच्या साथीनं स्वतःशी कबूल करतो. मग धर्मन्यायालयाचा नव्वद वर्षांचा आंधळा प्रमुख येतो. खाली काँट्राबासून, चेलो आणि डबल बास घसटत चालतात. आता दोन बास समोरासमोर. एरवी ऑपेरात भांडण दाखवायचं तर एक आवाज वर, एक खाली ठेवतात. व्हेर्दीनं दोघांनाही त्याच तळघरात कोंडलं आहे, म्हणून सत्तेचा सगळा फरक फक्त पोतातून दाखवावा लागतो. राजाच्या आवाजात माणूस ऐकू यावा लागतो, धर्मगुरूच्या आवाजात दगड. मुलाला मारू का, असं राजा विचारतो आणि धर्मगुरू होकार देतो. प्रसंगाच्या शेवटी राजा हरलेला असतो. १९६५ चं जॉर्ज शोल्टी यांनी संचालन केलेलं ध्वनिमुद्रण मिळवा. फिलिप बल्गेरियाचा निकोलाय ग्याउरोव, धर्मगुरू फिनलंडचा मार्ती ताल्वेला. दोघंही तेव्हा चाळिशीच्या आतले. ग्याउरोवचा आवाज मखमली, ताल्वेलाचा खडकाळ. त्या दहा-बारा मिनिटांत दोन खोल आवाज किती वेगळे असू शकतात ते कायमचं कानात बसतं.

आणि तुम्ही न विचारलेला भाग : बास गायकाला प्रेम मिळत नाही का? मिळतं, क्वचित. वर ज्याचा उल्लेख आला तो प्रिन्स ग्रेमिन लढायांत म्हातारा झालेला सैनिक आहे. पूर्ण ऑपेरात त्याचं हे एकच गाणं. उतारवयात लाभलेल्या पत्नीबद्दल तो कृतज्ञतेनं बोलतो आणि शेवटचं वाक्य अगदी खाली, काळी तीनवर उतरवून ठेवतो. ना धाक, ना शाप. खोल आवाजातला हा हळवेपणा मला सरास्त्रोच्या शहाणपणापेक्षाही जवळचा वाटतो. रेझेनचं चित्रण बघून झालं की ग्याउरोवचंही ऐका.

आपल्याकडचं काही शेजारी ठेवून ऐकायचं असेल तर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावा. तिथं मंद्राला कुणाशी लढायचं नाही. तंबोरा जागा करून देतो, लय थांबून वाट पाहते आणि खाँसाहेब खालच्या स्वरांत रेंगाळतात. एकीकडे मंद्र जगासमोर उभा केलेला, दुसरीकडे स्वतःच्या आत नेलेला. दोन्ही एकाच संध्याकाळी ऐकायला हरकत नाही, फक्त मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. आणि मुंबईला जाणं होत असेल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या कार्यक्रमांकडे लक्ष ठेवा. तिथं मेट्रोपॉलिटनच्या प्रयोगांची चित्रणं मोठ्या पडद्यावर दाखवत आले आहेत, आणि त्यांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून वाजतो आहे. माईक नसलेल्या सभागृहात एखादा बास गायक ऐकण्याची संधी आली तर मागची रांग घ्या. तिथंच कळतं.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गाणं शिकतो. वर्षभरात आवाज फुटून एकदम खाली गेला. तो आता हौसेनं खर्जात गात बसतो. त्याला रोज खर्ज भरायला लावावं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : आत्ता नको. या वयात स्वरयंत्र अजून वाढतं आहे, आणि आज जो आवाज खाली गेलेला दिसतो तो दोन-तीन वर्षांत थोडा वर येऊन स्थिरावू शकतो. गाणं बंद करू नका, पण मधल्या सप्तकातल्या सोयीच्या पाच-सहा स्वरांत, हलक्या आवाजात ठेवा. पट्टी त्याच्या गळ्याला विचारून बदला. गुरुजींच्या किंवा वर्गाच्या सोयीसाठी जुनीच पट्टी रेटू नका. सकाळी उठल्याउठल्या आवाज खाली लागतो, कारण झोपेनंतर स्वरतंतू किंचित सुजलेले असतात. त्यावरून त्याचा गळा बासचा आहे असं ठरवू नका. हनुवटी खाली ओढून तो खालचे स्वर काढत असेल तर लगेच थांबवा, ती सवय पुढे सुटत नाही. आवाज तीन-चार आठवडे सतत बसलेला राहिला, किंवा गाताना दुखलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. खरा खर्जाचा गळा असेल तर तो विशीनंतर आपोआप सांगेल, आणि तेव्हा शिकवायला पुष्कळ वर्षं हाताशी असतील.